साबणाचं पाणी परत कपड्यांनाच?

प्रश्न: अमेरिकन आर्मीच्या वाळवंटातल्या कॅम्पात लाँड्रीचं पाणी साफ करून परत धुवायलाच वापरतात असं वाचलं, त्यातली केमिकल्स अंगाला बाधत नाहीत का हो?

उत्तर: कपडे घालणाऱ्याला फारसं काही नाही, पण केमिकल्सची पोती फोडणाऱ्याला जपावं लागतं. पावसाळ्यात आपण गढूळ हंड्यात तुरटी फिरवतो ना, तसंच आहे हे, साबणाच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून धन भाराचं पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं रसायन, टाकतात, मग गाठी होऊन मळ खाली बसतो, उरलेलं कोळशाची पूड शोषून घेते आणि शेवटी क्लोरीन. पॉलिमर गाळासोबतच जातं, पण तो गाळ ओढ्यात सोडला तर त्यातलं पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटू शकतं, तेव्हा तिथे नाही टाकायचा. गाळायला डायटोमाइट (सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची पांढरी भुकटी) वापरलं तर मास्क हवाच, भाजलेल्या प्रकारात स्फटिक सिलिका असते, ती फुफ्फुसात बसते. आणि क्लोरीनची पावडर कोळशाशेजारी ठेवू नका, आग लागते! ॲसिड पडलं तर विषारी वायू. ओला कोळसा बंद टाकीतला ऑक्सिजन खातो, म्हणून आत उतरायच्या आधी हवा तपासतात. प्यायला मात्र हे पाणी नाहीच.