घरचं गॅस वेल्डिंग: भीती ऑक्सिजनचीही हवी

मांगरात नाहीतर मागच्या पडवीत गॅस वेल्डिंगचा छोटा सेट ठेवणारी घरं किनारपट्टीवर बरीच आहेत. होडीचं ब्रॅकेट, पंपाचा पाइप, गेटची बिजागरी, सगळं घरीच होतं. आलेल्या प्रश्नांत एक गोष्ट सारखी जाणवली. सेटमध्ये दोन सिलिंडर असतात, जळणाऱ्या ॲसिटिलीन वायूचा आणि त्याला जाळणाऱ्या ऑक्सिजनचा. ॲसिटिलीनला सगळे जपतात आणि ऑक्सिजनला साधी हवा समजतात. म्हणून या वेळी ऑक्सिजनवर जास्त लिहितो आहे.

प्रश्न (मालवण): पावसाळा सुरू झाला की ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा नट आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट बसतो. दोन थेंब तेल लावलं तर चालेल का?

नाही. इंजिन ऑइल नाही, ग्रीस नाही, खोबरेल नाही, गंज सोडवायचा स्प्रेसुद्धा नाही. भरलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये दाब असतो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५० किलो. व्हॉल्व्ह झटकन उघडला की तो दाब रेग्युलेटरच्या चिंचोळ्या जागेत आदळतो, तिथला वायू एका क्षणात दाबला जाऊन प्रचंड तापतो. तिथे तेलाचा नुसता ओशटपणा असला तरी पेट घेतो, ठिणगी लागत नाही. आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये एकदा पेट घेतला की रेग्युलेटरचे धातूचे भागही जळतात. मासे तळून किंवा इंजिन खोलून तसेच सेटला हात लावू नका, साबणाने धुऊन या.

तुमचं खरं दुखणं खाऱ्या हवेचं आहे. काम झालं की रेग्युलेटर सिलिंडरवर ठेवूच नका. काढा, कोरड्या फडक्याने पुसा, झाकणाच्या डब्यात घालून घरात ठेवा. पुन्हा बसवण्याआधी तोंड मोकळ्या जागेकडे करून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडा आणि मिटा, म्हणजे आत बसलेली वाळू, मीठ उडून जाईल. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करा, दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या समोर न उभं राहता बाजूला उभे राहा आणि व्हॉल्व्ह हळू उघडा. एवढं करूनही व्हॉल्व्ह हलत नसेल तर पाना लावून जोर करू नका, सिलिंडर डीलरला परत करा.

आणखी एक खूण सांगतो. टॉर्चचे, म्हणजे हातात धरून ज्योत पेटवतो त्या दांड्याचे, कॉक बंद आहेत, तरी कामाच्या दाबाचा काटा हळूहळू वर सरकतोय असं दिसलं तर आतली सीट, म्हणजे झडप घट्ट बसते ती जागा, खराब झाली आहे. तो रेग्युलेटर त्या दिवसापासून बाजूला ठेवा आणि जाणकाराकडूनच दुरुस्त करून घ्या.

प्रश्न (हर्णे): काम करताना मधूनच ‘फट्’ आवाज होतो आणि ज्योत विझते. नोझल बदलू का?

बदलण्याआधी बघा. नोझल वितळलेल्या धातूला टेकलं, फार तापलं, सैल बसलं किंवा तोंडाशी शिंतोडा अडकला, की असं होतं. ज्योतीच्या आतला पांढरा शंकू एका बाजूला कललेला दिसला तर कण अडकलाच आहे. भोकाच्या मापाची सफाईची तार सरळ आत घाला, सरळ बाहेर काढा. खिळा किंवा सायकलची तार फिरवली की भोक लंबगोल होतं, मग ते नोझल कधीच नीट जळत नाही.

पण बहुतेकदा कारण काटकसर असते. गॅस वाचावा म्हणून मोठ्या नोझलवर दाब कमी ठेवतात. वायू बाहेर पडण्याचा वेग कमी पडला की ज्योत मागे शिरते. बारीक ज्योत हवी तर बारीक नोझल लावा. उलट बाजूने ॲसिटिलीनचा दाब १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ किलोच्या वर कधीही नेऊ नका. त्यापुढे तो वायू ऑक्सिजनशिवायही फुटू शकतो.

‘फट्’ऐवजी बारीक शिट्टीसारखा आवाज आला, ज्योत आत गेली आणि टॉर्चची मूठ तापू लागली, तर तो फ्लॅशबॅक, म्हणजे ज्योत टॉर्चमधून मागे नळीकडे धावणं. टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद करा, लगेच ॲसिटिलीन, मग दोन्ही सिलिंडर. ॲसिटिलीनच्या व्हॉल्व्हवर चावी काम संपेपर्यंत लावूनच ठेवायची ती याचसाठी. त्या दिवशी पुन्हा पेटवू नका, नळी आतून जळलेली असू शकते. दोन्ही रेग्युलेटरना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे मागे येणारी ज्योत अडवणारा भाग, बसवा, एकालाच बसवून भागत नाही. आणि पेटवण्याआधी दोन्ही नळ्या वेगवेगळ्या, एकेक करून, मोकळ्या जागेत क्षणभर वाहू द्या.

प्रश्न (गुहागर): मासेमारी बंदीत होडीच्या इंजिनखोलीत काम असतं. आत फार कोंदतं, तेव्हा थोडा ऑक्सिजन सोडला की बरं वाटतं. काही धोका?

हे आजच थांबवा. हवेत ऑक्सिजन असतो साधारण २१ टक्के. तो दोन-तीन टक्क्यांनी वाढला तरी कपडे, केस, तेलकट चिंधी भसकन पेटतात आणि विझवता विझत नाहीत. ऑक्सिजनला वास नाही, रंग नाही, तो हवेपेक्षा किंचित जड, त्यामुळे खोलगट जागेत रेंगाळतो. वारा हवा असेल तर पंखा लावून बाहेरची हवा आत घ्या. त्याच कारणाने अंगावरची धूळ ऑक्सिजनने उडवायची नाही. फायबरची होडी असेल तर ती स्वतःच इंधन आहे, हे विसरू नका.

चहाला वर याल तेव्हा टॉर्च आणि नळ्या आत ठेवून येऊ नका. कॉक जरासा गळत असेल तर तेवढ्या वेळात खोली भरते. गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने, काडीने नव्हे. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यावर ज्योत धरू नका, आत वाफ असते. आणि आत काम चालू असताना वर एक माणूस हवाच.

प्रश्न (देवगड): आजोबांची कार्बाइडची गॅसटाकी आणि कार्बाइडचा बंद डबा मांगरात आहे. वापरात आणू का?

टाकी आठवण म्हणून ठेवा, वापरू नका. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन सुटतो, आणि पाणी म्हणजे जूनमधली दमट हवाही पुरते. इतक्या वर्षांच्या डब्यात गॅस साठलेला असणार असं धरूनच चाला. छिन्नी-हातोडीने फोडू नका, विहिरीत किंवा खाडीत टाकू नका. कोरड्या जागी ठेवा आणि गॅसच्या डीलरला विचारून सोपवा. आंबे पिकवायला तर कुणालाही देऊ नका. ते कायद्याने बंद आहे, आणि हापूसच्या नावाला त्याने बट्टा लागतो.

प्रश्न (दापोली): सिलिंडर रिक्षातून आडवा आणला. लगेच लावू?

ॲसिटिलीनचा असेल तर नको. आत तो ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो, आडवा राहिला तर ॲसिटोनच बाहेर येतं. काही तास उभा ठेवा आणि साखळीने बांधा. पुढच्या वेळी उभाच आणा, तोही उघड्या टेम्पोतून.

प्रश्न (अलिबाग): ॲसिटिलीनची नळी फाटली. मध्ये तांब्याच्या पाइपचा तुकडा घालून जोडली, ठीक?

ताबडतोब काढा. तांब्यावर ॲसिटिलीनचं स्फोटक संयुग तयार होतं. नळी अखंड नवीन घ्या.

प्रश्न (रत्नागिरी): जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वेल्ड केला की रात्री थंडी वाजून ताप येतो. दूध प्यावं म्हणतात.

दुधाने काही होत नाही. तो जस्ताचा धूर आहे. वेल्ड करायच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी घासून काढा, उघड्यावर वारा बाजूने येईल असं बसा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क लावा. श्वास लागला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे जा, आणि काय वेल्ड केलं ते त्यांना सांगा.