वाचकांचे प्रश्न : बेटावरचे डास आणि आपल्या दारचा हौद

मागच्या अंकात युगांडातल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या सेसे बेटांवर हिवतापाच्या डासांचं संशोधन कसं चालतं, यावर लेख होता. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

हिवतापाचे रुग्ण मुख्य भूमीवर जास्त. मग संशोधक बोटीनं बेटावर कशाला जातात? (एमएस्सी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, परभणी)

डास कमी करण्याचा उपाय खरंच लागू पडला का, हे ठरवायचं तर बाहेरून नवे डास येऊन हिशेब बिघडवत नाहीत अशी जागा लागते. जनुकीय बदल केलेल्या डासांच्या बाबतीत ही गरज आणखी वाढते. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या प्रयोगशाळेत असे डास पिंजऱ्यांत सोडले, तेव्हा ७ ते ११ पिढ्यांत पिंजऱ्यातली सगळी प्रजा संपली. पण पिंजरा आणि गाव यांत फार अंतर आहे. मधली पायरी म्हणून बेटांचा विचार होतो.

विचार जुनाच आहे. १९४६ ते १९५० या काळात इटलीच्या सार्डिनिया बेटावर डीडीटी फवारून ॲनोफिलिस लॅब्रँकी हा डास समूळ नष्ट करायचा प्रयत्न झाला. हिवताप गेला, डास मात्र राहिला. आजार संपवणं आणि डासाची जात संपवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिथं दिसलं. उलट १९९१ मध्ये प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशाच्या अनैत्युम या छोट्या बेटावर सगळ्या लोकांना आठवड्याला एकदा असं नऊ आठवडे औषध दिलं, मच्छरदाण्या वाटल्या आणि पाण्यात अळ्या खाणारे मासे सोडले. तिथं डासाची जात मिटवायला कुणी गेलं नव्हतं. हिवताप मात्र हटला.

भोवती पाणी आहे म्हणून बेट बंद आहे असं धरून चालणं ही या कामातली सगळ्यात महाग पडणारी चूक. सेसे बेटांची संख्या ८४. तिथल्या डासांचा डीएनए तपासल्यावर बेटाबेटांतल्या प्रजेत फरक दिसले, पण येजा पूर्ण थांबलेली नाही हेही कळलं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून साधारण अडीचशे किलोमीटरवरचं साओ तोमे हे ज्वालामुखीचं बेट मुख्य भूमीला कधीच जोडलेलं नव्हतं, म्हणून अनेकांना ते जास्त भरवशाचं वाटतं. तरी वारा मोजावाच लागतो. मालीमध्ये फुग्यांच्या दोरीला चिकट जाळ्या बांधून जमिनीपासून ४० ते २९० मीटर उंचीवर डास पकडले, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यात बहुतेक माद्या होत्या आणि त्यातल्या बहुसंख्य माद्यांनी आधीच रक्त प्यालेलं होतं. म्हणजे अंगात हिवतापाचे परजीवी घेऊन वाऱ्यावर दूर जाणं अशक्य नाही. होड्यांतून येणारे डास वेगळेच. म्हणून बेट किती बंद आहे हे आधी मोजायचं, उपायाची चाचणी नंतर.

डास पकडतात कसे? सापळ्याची रचना आणि त्यात काय चुकतं ते सविस्तर सांगा. (माध्यमिक शिक्षक, पैठण)

सगळ्यात जास्त वापर सीडीसी (अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था) प्रकाश सापळ्याचा होतो. एक प्लास्टिकची नळकांडी, वर पावसासाठी झाकण, झाकणाखाली छोटा बल्ब, नळकांडीत पंखा आणि खाली जाळीची पिशवी. सगळं ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. बल्बकडं आलेला डास पंख्याच्या ओढीनं पिशवीत जातो. सापळा खोलीत मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाच्या पायाकडच्या बाजूला, जमिनीपासून दीड मीटरवर टांगायचा. डासाला माणसाचा वास आणि श्वास ओढतो, मच्छरदाणी त्याला अडवते आणि तो शेजारच्या उजेडाकडं वळतो. माणूस नसलेल्या खोलीत किंवा फाटक्या मच्छरदाणीजवळ लावलेल्या सापळ्याच्या आकड्याला अर्थ नाही. संध्याकाळी ६ ला सुरू, सकाळी ६ ला बंद. ॲनोफिलिस गॅम्बी हा सेसे बेटांवरचा मुख्य डास मध्यरात्रीनंतर जास्त चावतो, त्यामुळं बॅटरी दोन वाजता बसली तर रात्रीचा जास्त मोलाचा भाग वाया गेला.

बिघाड बहुतेक साधेच असतात. बॅटरीच्या तारा उलट्या लावल्या तर पंखा उलटा फिरतो आणि डास आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलतो. बल्ब लागलेला असल्यामुळं कुणाच्या लक्षातही येत नाही. सापळा लावल्यावर तोंडाशी पातळ कागदाचा कपटा धरून ओढ बघावी, दहा सेकंदांचं काम आहे. सकाळी आधी पिशवीचं तोंड बांधायचं, मग पंखा बंद करायचा. उलट केलं की जिवंत डास वर उडून जातात. टांगायच्या दोरीला ग्रीस लावावं, नाहीतर मुंग्या रात्रीतून पिशवीत शिरून धड खातात आणि नुसते पंख मागे ठेवतात. सरोवराकाठी आणखी एक त्रास: तिथं चिलटांसारख्या माश्यांचे थवे उठतात आणि पिशवी ठासून भरते. त्या गर्दीत डासांचे खवले झडतात, पाय तुटतात, जात ओळखता येत नाही. अशा रात्री घराबाहेर सापळा लावूच नये. चांदण्यातही बाहेरच्या सापळ्यात डास कमी सापडतात, म्हणून प्रत्येक नोंदीपुढं तिथी लिहावी.

आमच्याकडं पहाटे टॉर्च आणि सक्शन ट्यूब (तोंडानं हवा ओढून डास पकडायची नळी) घेऊन गोठ्यात डास पकडतात. ते सोपं नाही का? (आरोग्य कर्मचारी, किनवट)

आपल्याकडं ते योग्यच आहे. ग्रामीण भागातला आपला मुख्य वाहक ॲनोफिलिस क्युलिसिफेसीज जनावरांचं रक्त जास्त पितो आणि दिवसा गोठ्यात, माळवदाच्या घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. हिशेब दर माणशी तासाचा. एका घरात १० मिनिटं, सहा घरांचा एक तास. दोघांनी ४० मिनिटांत २४ माद्या पकडल्या तर काम झालं ८० मिनिटांचं, म्हणजे तासाला १८. दोघांचं काम ४० मिनिटंच धरून ३६ लिहिलेलं असेल, तर घनता दुप्पट दिसते आणि फवारणीचा निर्णय चुकतो.

गॅम्बी माणसाच्याच मागे असतो आणि घरात बसतो. तिथं पहाटे खोलीभर पांढऱ्या चादरी अंथरतात, दारं-खिडक्या लावून पायरेथ्रम या कीटकनाशकाचा फवारा मारतात, १० मिनिटं थांबतात आणि चादरीवर पडलेले डास चिमट्यानं वेचतात. चादरी कडेपासून आत गोळा करायच्या, पाय टाकायचा नाही. अन्न आणि पाणी आधी बाहेर. कौलांखालची फट उघडी राहिली तर निम्मे डास निसटतात, म्हणून एक माणूस बाहेरून फवारा घेऊन वळचणीखाली उभा राहतो.

बेटावर एकूण डास किती, हे कुणी मोजू शकतं का? (गणिताचे प्राध्यापक, लातूर)

एकेक मोजत नाहीत. काही डासांवर चमकणाऱ्या रंगाची बारीक पूड टाकून सोडतात आणि पुढं पकडलेल्यांत रंगीत किती ते बघतात. समजा २,००० सोडले, तीन दिवसांनी ५०० पकडले, त्यात १० रंगीत. साधं त्रैराशिक: २,००० गुणिले ५००, भागिले १०, म्हणजे १ लाख. आकडे लहान असताना हे सूत्र फुगवून सांगतं, म्हणून तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून शेवटी एक वजा करतात. तसं केल्यावर सुमारे ९१ हजार येतात.

पण खरी गफलत इथं नाही, मरणात आहे. दिवसाला ८५ टक्के डास जगतात असं धरा. तीन दिवसांनी २,००० पैकी सुमारे १,२२८ च उरले. साध्या त्रैराशिकात तोच आकडा घातला की उत्तर ६१,४०० वर येतं. जगण्याचं प्रमाण न मोजता दिलेली संख्या दीडपटीहून जास्त चुकू शकते. ज्या बेटावर उपाय आजमावायचा तिथं ही चूक म्हणजे किती डास सोडायचे हाच हिशेब चुकणं. म्हणून एकदा सोडून थांबत नाहीत. रोज वेगळा रंग, रोज पकडणं, आणि रंगीत डास दिवसागणिक कसे कमी होतात त्यावरून जगण्याचं प्रमाण काढणं.

पूड नेहमी थोडीच, डासावर जेमतेम धूसर दिसेल इतकी. जास्त झाली की श्वासरंध्रं बुजतात आणि तो रात्रीच मरतो. ज्यानं पूड टाकली त्यानं त्या आठवड्यात पकडलेले डास हाताळू नयेत. बोटाला लागलेली पूड साध्या डासाला लागली की तोही रंगीत ठरतो आणि संख्या निम्म्यावर येते. तपासणी अंधारात, अतिनील टॉर्चखाली. सोडायला बहुतेक नर निवडतात, कारण ते चावत नाहीत, आणि गावकऱ्यांच्या घराजवळ काहीही सोडण्याआधी त्यांचा होकार घ्यावाच लागतो. नर पकडायला सूर्यास्तानंतरची थोडीशीच वेळ असते: मोकळ्या जागी जमिनीवर एखादा ठळक डाग, राखेचा ढीग वा वाटेचं वळण असेल तिथं त्यांचा थवा जमतो, लांब दांड्याच्या जाळ्यानं एका फटक्यात घ्यायचा.

बोटीच्या प्रवासात नमुने कुजत नाहीत का? (बीएस्सीचा विद्यार्थी, अंबाजोगाई)

कुजतात, आणि मोहिमा तिथंच वाया जातात. दीड मिलिलीटरच्या झाकणाच्या नळीत तळाला सिलिका जेलचे दाणे, वर कापसाचा पातळ थर, त्यावर एकच डास. कापूस नसेल तर दाण्यांवर आपटून डासाचे पाय तुटतात. एका नळीत दोन डास कधीच नको, पायांची अदलाबदल होते. निळे दाणे गुलाबी झाले की ओल शोषून संपले. सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा निळे होतात. बेटाच्या दमट हवेत ते फार लवकर गुलाबी होतात, म्हणून नळ्या पुन्हा हवाबंद डब्यात, त्यात सुटे दाणे. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी, पेनाची शाई मद्यार्कात विरघळते. नळीवर फक्त क्रमांक. तारीख, घर, खोली, सापळा, नर की मादी, पोटात रक्त आहे की अंडी, हे वहीत त्याच दिवशी.

गॅम्बीच्या गटातल्या भावंड जाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करताच येत नाहीत. एका पायातला डीएनए काढून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून जात ओळखायची चाचणी) करतात, बाकीचं शरीर दुसऱ्या तपासण्यांना उरतं. डोकं आणि छाती पोटापासून वेगळी तपासतात, कारण चावण्यातून जाणारे परजीवी लाळग्रंथीत म्हणजे छातीत असतात. पोटात सापडलेला परजीवी एवढंच सांगतो की डासानं रुग्णाचं रक्त प्यालं.

अंदमान-निकोबारमध्येही गॅम्बी हाच डास आहे का? (वाचक, हिंगोली)

नाही. तिथला मुख्य वाहक ॲनोफिलिस संडाइकस, तो मचूळ पाण्यात वाढतो. २००४ च्या सुनामीत समुद्राचं पाणी आत घुसून साचलं तेव्हा त्याला नवी डबकी मिळाली. तिथं अळ्या मोजताना खारटपणाही मोजावा.

आपल्या हौदातल्या अळ्या हिवतापाच्या आहेत का, हे कसं ओळखायचं? (गृहिणी, लातूर)

हा प्रश्न बेटांपासून दूरचा वाटेल, पण नाही. शहरी हौदांत, टाक्यांत वाढणारा आपला ॲनोफिलिस स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीला सापडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हिवतापमुक्त जाहीर केलेल्या श्रीलंकेत काही महिन्यांतच मन्नार बेटावर तो आढळला. त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाणी पंधरा-पंधरा दिवस साठवावं लागतं तिथं हा डास बस्तान बसवतो.

सकाळी ऊन तिरपं असताना हौदाजवळ जा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. सावली पडली की अळ्या तळाला जातात. गेल्याच तर दोन-तीन मिनिटं थांबा, श्वासाला वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी ॲनोफिलिसची. डोकं खाली, शेपटीकडची नळी वर, अशी तिरपी लटकणारी क्युलेक्स किंवा एडीसची. मोजायला पांढरा डिपर (दांड्याचं भांडं), ३५० मिलिलीटरचा. ४५ अंशांत तिरपा धरून कडेनं, कोपऱ्यातून हळू बुडवायचा, भरभरून ओढायचा नाही. दहा वेळा बुडवून २४ अळ्या मिळाल्या तर दर बुडवणीला २.४. आडात आणि विहिरीत दोरीला बांधलेली जाळी लागते. जात पक्की करायची तर कोष बरणीत घेऊन तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, एक-दोन दिवसांत डास निघतो. पायांवर पांढरट ठिपके दिसले तर स्टीफेन्सीचा संशय धरा. क्युलिसिफेसीजचे पाय बिनठिपक्यांचे असतात. नमुना जिल्हा हिवताप कार्यालयात द्या. हौद आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतून घासा, कारण अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दीड आठवडा पुरतो. रिकामा करणं परवडत नसेल तर गप्पी मासे सोडा आणि झाकण घट्ट बसवा. झाकणाला बोटभर फट राहिली तर डासाची मादी आत जातेच.

सक्शन ट्यूब शाळेत बनवता येईल का? (विज्ञान शिक्षक, धाराशिव)

येईल. ३० सेंटिमीटर लांब आणि आतून साधारण १ सेंटिमीटर रुंद अशी काचेची किंवा पारदर्शक ॲक्रिलिकची नळी घ्या. तिच्या एका टोकाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी घालून त्यावर ५० सेंटिमीटरची रबरी नळी घट्ट बसवा. मुखाशी गाळणी म्हणून कापसाचा बोळा हवाच; डासांचे खवले श्वासात गेले की शिंका आणि दम्याचा त्रास होतो. ओढ छोटी आणि झटक्याची, आणि डास आत आला की लगेच बोटानं टोक बंद. एका वेळी नळीत पाचाहून जास्त नकोत, एकमेकांचे पाय मोडतात.