शिल्पकाराची काच

प्रश्न : बेल्जियमच्या शिल्पकार इव्होन सेर्युईस यांनी काचेची भांडीही केली, असं वाचलं. काच फुंकणारे कारागीर तर वेगळे असतात. मग त्यांनी नेमकं काय केलं? घरात आणखी कोणी कलावंत होतं का?

उत्तर : ती फुंकलेली काच नव्हे, साच्यातली. काचेचा चुरा साच्यात भरून भट्टीत वितळवायचा. फ्रान्समध्ये 'पात द व्हेर' म्हणतात तिला. सेर्युईस यांचा जन्म 1873 चा, फ्रेंच सीमेलगतच्या मेनेन गावचा. सुरुवात चित्रांपासून, एमिल क्लाउस यांच्या हाताखाली. मग ब्रसेल्समध्ये एजीद रोंबो यांच्याकडे शिल्प शिकल्या आणि पॅरिसला गेल्या. तिथे 1905 नंतरच्या काही वर्षांत काचकार फ्रांस्वा देकोर्शमाँ यांच्यासाठी त्यांनी भांड्यांचे नमुने केले. नमुना, साचा, ओतकाम हा क्रम ब्राँझकाम करणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलाच असतो, म्हणून हे काम म्हणजे त्यांच्या शिल्पाचाच भाग, फावल्या वेळचा छंद नव्हे. पती प्येर मील हे लेखक आणि पत्रकार. पण सेर्युईस यांची ओळख 'मील यांच्या पत्नी' एवढ्यावर आटोपणं अन्यायाचं आहे. गेंटच्या सिटाडेल पार्कमधलं गुरू क्लाउस यांचं स्मारक त्यांनीच घडवलं.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी याच पद्धतीने छोटी वाटी करतोय. भट्टीतून निघते ती तडकलेलीच. काय चुकतं?

उत्तर : आधी काच तपासा. बाटलीची आणि खिडकीची काच एकत्र कुटली असेल तर तडा जाणारच, कारण दोन्ही निवताना सारख्या आक्रसत नाहीत. एकाच काचेचा चुरा घ्या. चुरा जितका बारीक, तितके हवेचे बुडबुडे जास्त आणि वाटी दुधाळ. वितळल्यावर चुरा निम्म्यापर्यंत बसतो, म्हणून वर राखीव जागा ठेवून भरा.

साच्याला नुसतं प्लास्टर टिकत नाही, तापल्यावर भुगा होतो. प्लास्टर, सिलिका पावडर आणि पाणी वजनाने समसमान घ्या. साच्यातलं नमुन्याचं मेण वाफेने काढा आणि साचा पूर्ण सुकवा. आत ओल राहिली तर वाफेने साचा फुटतो.

बहुतेकांचं गणित बिघडतं ते निववताना. खिडकीची काच असेल तर 550 अंश सेल्सियसच्या आसपास थांबा, 1 सेंमी जाडीला किमान 2 तास. पुढे 400 पर्यंत ताशी 50 अंशांहून जास्त उतरू देऊ नका. काठ पातळ आणि बूड जाड असेल तर हा वेळ बुडाच्या जाडीवरून धरा. भट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडू नका.