घराच्या बागेसाठी स्थानिक झाडे, झुडपे, बहुवर्षायू रोपे आणि गवते कशी निवडावीत?

लहान आवारात फक्त स्थानिक वनस्पतींची बाग करायची असल्यास निवडीची सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फुलांच्या आधी पानांचा विचार करावा. मधासाठी फुलपाखरू अनेक फुलांवर बसते. अळीला मात्र ठरावीक कुळातलीच पाने चालतात, कारण पानांतील बचावाची रसायने पचवण्याची क्षमता त्या कीटकात फार दीर्घ सहवासातून आलेली असते. त्यामुळे फुलपाखरांपैकी प्लेन टायगर रुईच्या कुळावर, कॉमन मॉरमॉन लिंबाच्या कुळावर आणि कॉमन एमिग्रंट बहाव्यासारख्या झाडांवर अंडी घालते. पक्ष्यांच्या पिल्लांचे पोषणही बरेचसे याच अळ्यांवर होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन परिसरातील घरगुती बागांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात, बागेतील स्थानिक वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की कॅरोलिना चिकाडी या कीटकभक्षी पक्ष्याला आपली संख्या टिकवता येत नाही, असे दिसून आले. म्हणून कुरतडलेली पाने दिसताच फवारणीला धावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एखादी वनस्पती देशात कोठेतरी उगवते, एवढ्यावरून ती आपल्या जागेची ठरत नाही. सदाहरित जंगलातले झाड कोरड्या मुरमाड जमिनीत रडतखडत जगते. जवळची टेकडी, ओढ्याचा काठ किंवा जुनी राई यांत आपोआप काय उगवते, ते वेगवेगळ्या ऋतूंत पाहावे. केवळ ओळखीवर विसंबू नये. सर्वत्र दिसणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे.

झाड निवडताना त्याचा पूर्ण वाढीचा विस्तार धरावा. उंबर आणि वड जिवांना आसरा देण्यात अतुलनीय आहेत, पण भिंतीजवळ त्यांची मुळे बांधकाम फोडतात. मर्यादित जागेत बहावा अधिक योग्य. त्याखाली निर्गुडी, कुडा, धायटी अशी झुडपे घोळक्याने लावावीत. बहुवर्षायू रोपांपैकी कळलावी आणि रानहळद पावसाळ्यानंतर वाळून जमिनीखाली जातात, तेव्हा रोप मेले असे समजून तेथे खणू नये. कळलावीचा कंद अत्यंत विषारी असल्याने मुले आणि जनावरे असलेल्या घरी ती टाळावी.

गवताची उपेक्षा मला सर्वांत जास्त खटकते. इव्हनिंग ब्राउन आणि कित्येक स्किपर फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात, मात्र सतत कापलेल्या हिरवळीत त्यांना जीवनचक्र पूर्ण करायला अवधी मिळत नाही. निदान एक कोपरा उंच वाढू द्यावा. आवाराला उतार असेल तर तेथे वाळा लावावा, कारण त्याची खोल, उभी मुळे माती घट्ट धरतात.

रोपे घेताना ती जवळपासच्या बियांपासून वाढवलेली आहेत का, हे अवश्य विचारावे, आणि जंगलातून उपटून आणलेले रोप कितीही दुर्मीळ असले तरी घेऊ नये.