हवामान की बाजार: धान्य पिकवणाऱ्याला जास्त कोण मारतं?

पीक चांगलं येऊनही धान्य पिकवणाऱ्याच्या हातात पैसा का राहत नाही, आणि खरा धोका हवामानाचा की बाजाराचा, असं तुम्ही विचारलंय. मी या दोन गोष्टी वेगळ्या धरतच नाही. खर्च पेरणीपासूनच होत जातो आणि भाव कळतो काढणीनंतर. मधल्या महिन्यांत आभाळात किंवा एखाद्या राजधानीत जे काही घडेल, ते त्याच माणसाच्या अंगावर येतं.

हवामानाबद्दल एकच सांगतो. एकूण पावसाच्या आकड्यावर जाऊ नका, वेळ बघा. गहू चिकात असताना आठवडाभर कडक ऊन तापलं की दाणे भरायचा काळच आखडतो आणि दाणा पोसत नाही. याच्या उलट, पिकलेल्या उभ्या गव्हावर पाऊस बसला तर ओंबीतच कोंब फुटतात. वजन फारसं घटत नाही, पण आतला स्टार्च मोडतो, पिठाचा नीट पाव होत नाही आणि खाण्याचा गहू जनावरांच्या खाद्याच्या भावात जातो. मे २०२३ मध्ये चीनच्या हेनान प्रांतात ऐन काढणीच्या तोंडावर हेच झालं. वर्षभराची मेहनत शेवटच्या पंधरवड्यात जाते, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आता बाजार. जगात भाव चढला म्हणजे शेतकऱ्याला मिळाला, हा समज आधी काढून टाका. २०२२ मध्ये गव्हाचे जागतिक भाव कडाडले होते, पण युक्रेनच्या शेतकऱ्यांना मात्र पडेल भावात माल द्यावा लागत होता, कारण रशियाने पुकारलेल्या युद्धामुळे काळ्या समुद्रातली बंदरं अडली होती. जुलै २०२२ मध्ये धान्य बाहेर जाऊ देण्याचा करार होऊन जहाजं सुटली, वर्षभरानंतर रशिया करारातून बाहेर पडला आणि पुन्हा तीच चिंता. युद्धच लागतं असंही नाही. २०२२ च्याच ऑक्टोबरात अमेरिकेत मिसिसिपी नदीचं पाणी इतकं उतरलं की बार्जचं, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटींचं, भाडं गगनाला भिडलं, आणि ते भाडं शेवटी शेतावरच्या भावातूनच वजा झालं.

सरकारी निर्णयाचा फटका तर शेतात उभं राहून दिसतही नाही. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर रशियाने ऑगस्टमध्ये धान्याची निर्यात थांबवली. भारतात मार्च २०२२ च्या उन्हाने गहू होरपळला आणि १३ मेला निर्यातबंदी आली. म्हणजे उत्पादन कमी आल्यावर भाव चढून थोडी भरपाई होते, तीही वाट बंद. ग्राहकाला धान्य परवडलं पाहिजे हे मला मान्य आहे, पण त्याची किंमत एकट्या पिकवणाऱ्याने का मोजायची? आयात करणारे देशही कमी नाहीत. चीनने मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लावलं आणि ते ऑगस्ट २०२३ मध्ये काढलं. त्या शेतकऱ्यांचा दोष काहीच नव्हता.

खताचंही तसंच. युरिया मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो, त्यामुळे वायू महागला की खत महागतं, धान्याचा भाव काहीही असो.

तुमच्यापुरतं विचाराल तर पहिला पैसा वाळवणीत आणि साठवणीत घाला, नवीन यंत्रात नको. सुगीत सगळ्यांचा माल एकदमच येतो, आणि ज्याला थांबता येत नाही त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. गहू बरेच महिने ठेवायचा असेल तर ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणा, त्याहून बराच जास्त राहिला तर बुरशी आणि कीड ठरलेली. सगळा माल एकाच दिवशी विकू नका, थोडा आधी कराराने बांधा. पण करार करताना हाती येणार याची खात्री आहे तेवढंच धान्य लिहून द्या, नाहीतर पीक बुडालं की बाजारातून महाग घेऊन पुरवावं लागतं. विम्याचा कागदही नीट वाचा. बऱ्याच योजना फक्त उत्पादनातली घट मोजतात, कोंब फुटून उतरलेली प्रत त्यात धरलेली नसते.