फोनवर माझाच आवाज मला परत ऐकू येतो!

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला, केळीची बाग आहे. दिल्लीच्या व्यापाऱ्याला भाव विचारायला फोन लावला की माझं बोलणं मलाच मागून ऐकू येतं, "गाडी कधी भरू" म्हटलं की "कधी भरू... भरू" असं, त्यांना मात्र सगळं क्लिअर जातं म्हणे. सिम बदललं, हँडसेट पण बदलला, फरक शून्य. आता कोणता मोबाईल घेऊ?

उत्तर: कोणताच घेऊ नका भाऊ! आपलाच आवाज आपल्याला परत येत असेल तर लफडं बहुतेक वेळा पलीकडच्या टोकाला असतं, आणि लोक खर्च करतात इकडच्या फोनवर. तुमचा आवाज दिल्लीत त्यांच्या स्पीकरमधून निघतो, त्यांच्याच माईकमध्ये घुसतो आणि माघारी रावेरला येतो. शेठ फोन स्पीकरवर टाकून गल्ल्यावर ठेवत असणार, विचारून बघा.

लँडलाईनचं वेगळं होतं. घरापर्यंत दोन तारा, पुढे लांबच्या लाईनवर जायला-यायला वेगळे रस्ते म्हणजे चार तारा, आणि हे जिथं जुळतात त्या हायब्रिड सर्किटमध्ये जुळणी पक्की बसत नाही म्हणून थोडा आवाज मागे फिरतो. तो लगेच, म्हणजे पंचवीसेक मिलिसेकंदात आला तर कानाला कळतही नाही, उशिरा आला की डोकं उठतं. उपग्रहावरून कॉल सुरू झाले तेव्हा हेच झालं, उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर, त्यामुळे स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदाने परत. आधी सप्रेसर लावायचे, तो एक बाजू बोलत असली की दुसरीचा आवाज दाबायचा, दोघं एकदम बोलले की शब्दच गायब (आपल्याकडे भाव ठरवताना दोघं एकदमच बोलतात!). मग अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेत कॅन्सलर निघाला, त्यावर तिथले संशोधक मन मोहन सोंधींचा पेपर १९६७ चा. हा कॅन्सलर पलीकडून आलेला आवाज लक्षात ठेवतो, त्याचा एको, म्हणजे मागे फिरणारा आवाज, कसा येईल याचा अंदाज बांधतो आणि तेवढाच वजा करतो, अंदाज चुकला की स्वतःच सुधारतो.

मोबाईलमध्ये हे काम हँडसेटच करतो. पण स्पीकर फुल्ल करून फाटायला लागला की अंदाज कोलमडतो आणि उरलेला एको तुमच्याकडे येतो. तेव्हा शेठना म्हणा, स्पीकर बंद करा, नाहीतर आवाज निम्मा करा, इअरफोन लावला तर उत्तमच. आणि घरच्या कोणाला फोन लावून बघा, तिथं एको नसेल तर तुमचा जुना हँडसेटही चांगलाच होता.