ओठांना फिलर करून घेण्यात कोणते धोके असतात आणि ते कसे टाळावेत?

लग्न तीन आठवड्यांवर आले आहे, ओठ थोडे भरीव दिसावेत अशी इच्छा आहे आणि ओळखीच्या पार्लरमध्ये सुई न टोचता ‘पेन’ने हे काम स्वस्तात करून मिळते आहे, तर त्यात धोका काय, असे आपण विचारले आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि माझ्या दवाखान्यात फिलर, म्हणजे ओठ भरीव करण्यासाठी टोचायचे जेलसारखे द्रव्य, दिले जाते, त्यामुळे मुळात फिलरच वाईट असे मी म्हणणार नाही. मात्र पेनच्या बाबतीत दुसरे मत नाही : ते करू नका. हे उपकरण दाबाच्या जोरावर द्रव त्वचेत घुसवते, आणि तो किती खोल जाईल यावर हाताचा ताबा राहत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा सुईविरहित उपकरणांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

आता खऱ्या फिलरविषयी. ओठांसाठी आज प्रामुख्याने हायलुरॉनिक ॲसिडचे जेल वापरतात. ते काही महिन्यांत हळूहळू विरते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने विरघळवता येते. सिलिकॉनसारख्या कायमस्वरूपी पदार्थांना ही सोय नाही. त्यांच्या गाठी कित्येक वर्षांनंतरही उद्भवतात आणि काही वेळा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून ‘एकदाच करा, आयुष्यभर टिकेल’ असे कोणी सांगितले, तर तेथून उठून यावे.

पहिले दोन-तीन दिवस सूज येणे आणि आठवडा-दीड आठवडा काळे-निळे डाग राहणे हे अपेक्षितच असते. सर्वांत गंभीर धोका वेगळा आहे. वरच्या आणि खालच्या ओठातून एकेक धमनी गेलेली असते, तिची जागा व खोली माणसागणिक बदलते, आणि जेल चुकून तिच्यात शिरले किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. वेळीच उपचार न झाल्यास ओठाचा किंवा नाकाजवळचा भाग सडू शकतो. जेल उलट दिशेने डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचून दृष्टी गेल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ती फार विरळ आहेत आणि त्यांतली बहुतेक नाक व कपाळावरील इंजेक्शनांनंतरची आहेत, तरीही ओठांसाठी ती शक्यता शून्य म्हणता येत नाही.

रक्तपुरवठ्यातला हा अडथळा ओळखण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक टोचणीनंतर मी ओठाचा तेवढा भाग अंगठ्याने दाबते आणि सोडते. दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ती पांढुरकीच राहिली किंवा त्वचेवर जाळीसारखी जांभळट नक्षी उमटली, तर हात तिथेच थांबवायचा. वेदनेवर विसंबून चालत नाही, कारण भूल दिलेली असते आणि अनेक फिलरमध्येही लिडोकेन हे बधिर करणारे औषध मिसळलेले असते. तपासून घरी परतल्यानंतरही वाढती वेदना, रंगातला असा बदल किंवा एक-दोन दिवसांनी पुटकुळ्या दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. नजर अंधुक झाली, तर थेट नेत्रविभाग असलेले रुग्णालय गाठावे.

म्हणूनच डॉक्टर निवडताना ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांना मी फारशी किंमत देत नाही, छायाचित्रे सगळ्यांचीच छान असतात. त्याऐवजी विचारा : हायलुरोनिडेज आत्ता दवाखान्यात आहे का, आणि किती कुप्या आहेत? अडथळा आल्यास ते तासातासाने पुन्हा द्यावे लागू शकते, त्यामुळे एकच कुपी पुरेलच असे नाही. रात्री फोन कोण उचलणार, हेही विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. इंजेक्शन देणारी व्यक्ती प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावी, आणि वैद्यक परिषदेकडील तिचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. सिरिंजचे सीलबंद खोके आपल्यासमोर उघडायला सांगा, त्यावरील आयातदाराचे नाव व परवाना क्रमांक पाहा आणि लॉट क्रमांकाचे (उत्पादनाच्या तुकडीच्या क्रमांकाचे) स्टिकर आपल्या कागदांना लावून घ्या. दुसऱ्याची उरलेली अर्धी सिरिंज स्वस्तात घेणे म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या रोगांना आमंत्रण आहे.

ओठावर पूर्वी कधी नागीणसदृश पुरळ, म्हणजे हर्पिस, उठले असेल, तर ते आधीच सांगा. टोचणीने ते पुन्हा उफाळू शकते आणि त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या देता येतात. ॲलर्जी, आत्मप्रतिकार विकार (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) आणि चालू असलेली औषधेही सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. गरोदरपणात व स्तनपान सुरू असताना फिलर टाळतात. दातांचे मोठे काम आणि फिलर यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

राहिला लग्नाचा मुहूर्त. तीन आठवड्यांत डाग बहुधा जातील, पण आकार उणा-अधिक झाला, तर तो दुरुस्त करायला वेळ उरणार नाही. माझ्याकडे आला असता तर मी लग्नानंतर या म्हटले असते, आणि तेव्हाही पहिल्या खेपेला अर्ध्या मिलिलिटरवर थांबले असते.